सोलापुरातून सुट्टीचा बंगला ठरवताना: पैसे पाठवण्यापूर्वी आणि नंतर काय तपासावे

अलिबाग, दिवेआगर, तारकर्ली किंवा गोव्यात दोन-तीन दिवसांसाठी बंगला घ्यायचा ठरला, की सोलापूरकरांना एक अडचण पुणे-मुंबईकरांपेक्षा जास्त जाणवते. आधी जाऊन जागा डोळ्यांनी पाहून यावी, ही सोय आपल्याला नाही. दिवेआगरला पोहोचायलाच आठ-नऊ तास लागतात. त्यामुळे सगळा निर्णय मोबाईलवरची छायाचित्रे, फोनवरचा आवाज आणि ‘अ‍ॅडव्हान्स पाठवा’ या एका संदेशावर घ्यावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असह्य झाले किंवा दिवाळीची सुट्टी लागली, की हा निर्णय घाईत होतो आणि फसवणूक करणाऱ्यांचा हंगामही नेमका तोच असतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरू आणि पर्यटकांसाठी याबाबत जाहीर इशारा दिला होता. केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधाम यात्रेतील गेस्ट हाउस आणि हॉटेले, टॅक्सी, सहलींची पॅकेजेस अशा सगळ्यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरील पाने, व्हॉट्सअ‍ॅप खाती आणि गुगलवरील प्रायोजित जाहिराती चालवल्या जातात, पैसे घेतले जातात आणि त्यानंतर तो क्रमांक लागेनासा होतो, असे त्यात सांगितले होते. भाड्याच्या बंगल्यांबाबत घडते तेही याच पद्धतीने. म्हणून आधी ही पद्धत बारकाईने पाहू आणि मग तपासणीच्या पायऱ्यांकडे वळू.

फसवणूक कशी उलगडत जाते

समजा, जुळे सोलापुरातील एका कुटुंबाला दिवाळीनंतर बारा माणसांसाठी दिवेआगरला बंगला हवा आहे. इन्स्टाग्रामवर जाहिरात दिसते: तीन बेडरूम, छोटा स्विमिंग पूल, समुद्र पाच मिनिटांवर, एका रात्रीचे ९,००० रुपये. त्याच तारखांना तशाच बंगल्यांचे दर १८,००० ते २२,००० आहेत. जाहिरातीतील क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅप केले, की लगेच वीस छायाचित्रे येतात आणि त्यामागोमाग संदेश येतो: ‘सर, अजून दोन फॅमिली वेटिंगला आहेत. पन्नास टक्के पाठवले की डेट लॉक करतो.’ कुटुंब ४,५०० रुपये पाठवते. अर्ध्या तासाने दुसरा संदेश येतो: ‘सर, तुमचे पेमेंट जीएसटीशिवाय आले म्हणून सिस्टीमने घेतले नाही. ५,३१० पुन्हा पाठवा, आधीचे ४,५०० ऑटोमॅटिक रिफंड होतील.’ तेही पाठवले, की ‘रिफंडेबल सिक्युरिटी डिपॉझिट’ म्हणून ५,००० मागितले जातात आणि ते भरल्याशिवाय आधीचे काहीच परत मिळणार नाही, असे सांगितले जाते.

येथे पहिल्या रकमेपेक्षा दुसऱ्या मागणीकडे लक्ष द्यायला हवे. पहिले पैसे बंगल्यासाठी जातात. त्यानंतरचे सगळे पैसे आधी गेलेले सोडवण्यासाठी जातात आणि खरे नुकसान तेथेच वाढते. कोणत्याही प्रामाणिक मालकाला तुमचे आलेले पैसे परत करण्यासाठी आधी आणखी पैसे लागत नाहीत. परताव्यासाठी पैसे मागितले गेले, त्या क्षणी व्यवहार थांबवावा. ‘एवढे भरून पाहू, कदाचित मिळतील’ या विचाराने लोक पुढे जातात. तोपर्यंत ४,५०० रुपयांचे नुकसान जवळपास १५,००० पर्यंत पोहोचलेले असते.

पायरी १: भाव आधी काढावा, जाहिरात नंतर पाहावी

बहुतेक जण जाहिरात पाहून मग दर योग्य आहे का, याचा विचार करतात. क्रम उलटा असावा. कोणते गाव, किती माणसे आणि कोणत्या तारखा हे नक्की करून दोन-तीन नामांकित बुकिंग मंचांवर त्याच तारखांचे दर पाहून घ्यावेत. शनिवार-रविवार, दिवाळी आणि ३१ डिसेंबर यांचे दर आठवड्यातील इतर दिवसांपेक्षा बरेच जास्त असतात, त्यामुळे मधल्या मंगळवारचा दर पाहून शनिवारची अपेक्षा ठेवू नये. एकदा हा भाव कळला, की गर्दीच्या दिवसांत निम्म्या दरात मिळणारा स्विमिंग पूलवाला बंगला आपोआप संशयास्पद वाटू लागतो. मात्र दर बाजारभावाला धरून असला म्हणजे जाहिरात खरी, असेही समजू नये. हुशार भामटे दर फक्त दहा-पंधरा टक्क्यांनी कमी ठेवतात.

पायरी २: क्रमांक कोठून आला, हे पाहावे

तपासणीची सर्वांत उपयोगी सवय म्हणजे समोरच्याने दिलेल्या मार्गाने त्याची खातरजमा न करणे. जाहिरातीत क्रमांक, त्याच जाहिरातीत संकेतस्थळाची लिंक आणि त्या संकेतस्थळावर तोच क्रमांक, अशी साखळी कितीही पूर्ण दिसली तरी ती एकाच माणसाने तयार केलेली असू शकते. जागेचे नाव स्वतः स्वतंत्रपणे शोधावे आणि मिळालेला क्रमांक जाहिरातीतल्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहावे.

गुगल मॅप्सवरील क्रमांकही डोळे झाकून मानू नये. मॅप्सवरील माहितीत बदल सुचवण्याची सोय सर्वांना खुली आहे आणि ज्या हॉटेलच्या मालकाने आपली नोंद ताब्यात घेतलेली नाही, तिच्यावर दुसऱ्याच कोणाचा मोबाईल क्रमांक चढवण्याचे प्रकार घडले आहेत. क्रमांकाबरोबर ताजे अभिप्रायही वाचावेत. फसलेले लोक एका ताऱ्याच्या अभिप्रायात बहुधा स्पष्ट लिहितात: ‘येथे दिलेला क्रमांक हॉटेलचा नाही.’

संकेतस्थळाचा पत्ता वाचण्याचीही एक रीत आहे. पत्त्यात सुरुवातीच्या ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या अगदी आधीचा भाग खरा मालक सांगतो. त्याच्याही आधी कोणतेही प्रतिष्ठित नाव जोडता येते. त्यामुळे ‘एमटीडीसी’ ही अक्षरे पत्त्यात कोठेतरी आहेत, एवढ्याने ते संकेतस्थळ महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे ठरत नाही. पत्त्याच्या बाजूचे कुलूप पाहून निर्धास्त होणारेही पुष्कळ आहेत. ते कुलूप मधल्या मध्ये माहिती चोरली जात नाही एवढेच सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक असल्याची हमी देत नाही. शोधनिकालात सर्वांत वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेला दुवा म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात असते, हेही लक्षात ठेवावे.

ही पायरी आपल्या भागात आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. सोलापूरच्या आसपास अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर आणि गाणगापूर ही तीर्थक्षेत्रे आहेत, आणि शहराच्या पूर्व भागातून तिरुपतीला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. भक्त निवासाची खोली हा भाविकाच्या विश्वासाचा विषय असतो, त्यामुळे मंदिराचा फोटो आणि देवस्थानाचे नाव दिसले, की फारसे प्रश्न विचारले जात नाहीत. तिरुमला तिरुपती देवस्थानम्‌चे अधिकृत संकेतस्थळ टीटीदेवस्थानम्स डॉट एपी डॉट जीओव्ही डॉट इन हे आहे. शिर्डी संस्थानाचे ऑनलाइन बुकिंग ऑनलाइन डॉट साई डॉट ओआरजी डॉट इन येथे होते. अक्कलकोटमध्ये वटवृक्ष स्वामी महाराज देवस्थान आणि स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळ या दोन वेगवेगळ्या संस्था आहेत, त्यामुळे कोणत्या संस्थेची खोली घेत आहोत, हे आधी स्पष्ट असावे. अक्कलकोट तर आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी खोली हवी असेल, तर ऑनलाइन अनोळखी माणसाला पैसे पाठवण्यापेक्षा एक फेरी मारून कार्यालयात विचारणे केव्हाही चांगले. सोलापुरात राहण्याचा हा फायदा आपण फारसा वापरत नाही.

पायरी ३: छायाचित्रे आणि अभिप्राय

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली दोन-तीन छायाचित्रे गुगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीत, टाकून पाहावीत. तोच स्विमिंग पूल लोणावळ्याच्या एखाद्या बंगल्याच्या किंवा परदेशातील एखाद्या हॉटेलच्या पानावर दिसला, तर पुढे काही तपासण्याचे कारणच उरत नाही. छायाचित्रे वेगवेगळ्या घरांची एकत्र केलेली असतील, तर फरशी, खिडक्यांची चौकट, विजेची बटणे यांत विसंगती सापडते. एका खोलीत लाकडी खिडक्या आणि दुसरीत अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या, असे दिसले तर विचारावे.

लेन्समध्ये काहीच सापडले नाही, म्हणून छायाचित्रे खरी आहेत असेही होत नाही. आजकाल ती संगणकाने तयारही करता येतात. आणि खऱ्या बंगल्याची खरी छायाचित्रे चोरून तोच बंगला भलत्याच क्रमांकावरून विकला जातो, तेव्हा छायाचित्रांची तपासणी कामाची नसते. तेथे पुढची पायरीच उपयोगी पडते.

पायरी ४: फोनवर बोलावे, आणि योग्य प्रश्न विचारावेत

कोकणातला किंवा महाबळेश्वरचा खरा घरमालक पहिल्या फोनवर काय विचारतो, ते आठवून पाहावे. किती माणसे आहेत, लहान मुले किती, शाकाहारी की मासे खाणारे, पहिल्या दिवशी जेवायला पोहोचणार का, मोठी गाडी आहे का. त्याला स्वयंपाकाचे आणि खोल्यांचे नियोजन करायचे असते. फसवणूक करणाऱ्याला यातील एकाही गोष्टीची गरज नसते. त्याचे बोलणे तारीख आणि रक्कम यांभोवतीच फिरते.

आपण विचारायचे प्रश्नही असे असावेत, की ज्यांची उत्तरे नकाशावर किंवा जाहिरातीत सापडत नाहीत. वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय काय चालते? घरात कोणत्या मोबाईल कंपनीची रेंज येते आणि कोणाची येत नाही? पाणी विहिरीचे की नळाचे? ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळ्यामार्गे आलो, तर शेवटच्या टप्प्यात रस्ता कसा आहे आणि घर ओळखायचे कसे? स्थानिक माणूस शेवटच्या प्रश्नाला हमखास एखादे देऊळ, शाळा किंवा वळण सांगतो. ‘लोकेशन पाठवतो सर’ एवढेच उत्तर पुन्हा पुन्हा आले, तर सावध व्हावे.

त्यानंतर थेट व्हिडिओ कॉलची विनंती करावी. आधी चित्रित केलेला व्हिडिओ पाठवला जाईल, तो पुरेसा मानू नये. कॉलवर रस्त्यापासून सुरुवात करून फाटक, नावाची पाटी, अंगण, स्वयंपाकघर असे सलग दाखवायला सांगावे आणि मध्येच एखादी साधी गोष्ट करायला सांगावी, जसे की मागच्या खोलीतला पंखा लावून दाखवणे. मालक त्या वेळी बाहेर असू शकतो, हे समजून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवावी. प्रामाणिक माणूस वेळ देतो. ‘आत्ताच पैसे नाही दिले तर जागा जाईल’ असे म्हणणाऱ्याला जागा जाऊ द्यावी.

याहूनही सोपा एक उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. मॅप्सवर त्या बंगल्याच्या आजूबाजूची एखादी खानावळ, किराणा दुकान किंवा दुसरे घरगुती निवास शोधून तेथे फोन करावा: ‘अमुक नावाचा बंगला तुमच्या शेजारी आहे का, कोण चालवते?’ गावात अशी माहिती लपत नाही. मालकाचे नाव तर कळतेच, शिवाय पाण्याची बोंब आहे किंवा शेजारी बांधकाम चालू आहे, अशी कोणत्याही जाहिरातीत न मिळणारी माहितीही मिळते.

पायरी ५: कागदपत्रे

जीएसटी क्रमांक दिला असेल, तर तो जीएसटीच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य तपासता येतो. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य सांगतात: महाराष्ट्रासाठी २७, गोव्यासाठी ३०, कर्नाटकासाठी २९. गोव्यातला बंगला आणि क्रमांकाची सुरुवात भलत्याच राज्याच्या अंकांनी, असे असेल तर स्पष्टीकरण मागावे. तपासणीत दिसणारे व्यवसायाचे नाव आणि आपल्याला सांगितलेले नाव यांचा मेळ बसायला हवा, कारण दुसऱ्याच कंपनीचा खरा क्रमांक बनावट पावतीवर छापणे अवघड नाही. लहान घरगुती निवासाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी नसणे यात काही वावगे नाही. मात्र नोंदणी नसलेल्याने जीएसटीच्या नावाने वेगळे पैसे मागणे नक्कीच वावगे आहे.

महाराष्ट्रात न्याहारी व निवास योजनेखाली तसेच कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणी केलेली घरे आहेत. गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांना तेथील १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागण्यात संकोच वाटू नये. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रमाणपत्र हे शेवटी एक छायाचित्रच असते, म्हणून त्यावरचे नाव आणि पुढच्या पायरीत दिसणारे खातेदाराचे नाव एकमेकांशी ताडून पाहावे.

आपली ओळखपत्रे पाठवतानाही काळजी घ्यावी. बुकिंगच्या नावाखाली सगळ्या कुटुंबाची आधार कार्डे आधीच मागवली जातात. आधार देणाऱ्या युआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून शेवटचे चारच अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ काढता येते. पाठवण्याची वेळ आलीच तर तेच पाठवावे, मूळ कार्ड तेथे पोहोचल्यावर दाखवावे.

पायरी ६: पैसे कसे द्यावेत

या लेखातील सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण आधीच्या तपासणीत काही निसटले तरी पैसे देण्याची पद्धत योग्य असेल, तर नुकसान मर्यादित राहते.

नामांकित बुकिंग मंचावरून जागा घेतली असेल, तर बोलणे आणि पैसे दोन्ही त्या मंचातच ठेवावेत. एअरबीएनबीसारखा मंच पाहुण्याचे पैसे स्वतःकडे ठेवतो आणि पाहुणा पोहोचण्याच्या नियोजित वेळेनंतर साधारण चोवीस तासांनी ते यजमानाकडे सोडतो. जागा वर्णनाप्रमाणे नसेल, तर तक्रार करायला त्यामुळे अवकाश मिळतो. ‘अ‍ॅपवर कमिशन जाते, डायरेक्ट जीपे करा, दोन हजार कमी घेतो’ हा प्रस्ताव मान्य केला, की हे संरक्षण संपते आणि पुढे वाद झाला तर मंच जबाबदारी घेत नाही. दोन हजारांच्या सवलतीची ही किंमत असते. सगळे मंच सारखे नाहीत. काहींवर पैसे थेट हॉटेल घेते, म्हणून बुकिंग करताना पैसे कोण घेणार आणि रद्द केल्यास काय होईल, हे दोन मुद्दे वाचून घ्यावेत. क्रेडिट कार्डाने पैसे दिल्यास सेवा मिळालीच नाही म्हणून बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत देण्याची, मागणी करता येते. यूपीआयने व्यक्तीच्या खात्यात स्वतः पाठवलेल्या पैशांना ही सोय नाही.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. कोकणातील असंख्य प्रामाणिक घरमालकांचे संकेतस्थळ नसते, ते कोणत्याही मंचावर नसतात आणि अ‍ॅडव्हान्स स्वतःच्याच खात्यात यूपीआयने घेतात. व्यक्तिगत खाते दिसले की फसवणूक, असा नियम केला तर या सगळ्यांवर अन्याय होईल आणि घरच्या जेवणासह मिळणाऱ्या उत्तम जागांना आपणही मुकू. अशा ठिकाणी पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. तारीख राखण्यासाठी लहान टोकन, बाकीचे पैसे पोहोचून खोल्या पाहिल्यावर. सणासुदीला मालक जास्त अ‍ॅडव्हान्स मागतो, कारण ऐनवेळी न येणाऱ्या पाहुण्यांमुळे त्याचेही नुकसान होते. ते रास्त आहे. तरीही, बुडाले तर सहन होईल त्यापेक्षा मोठी रक्कम न पाहिलेल्या जागेसाठी न देणे, ही मर्यादा प्रत्येकाने स्वतःपुरती ठरवावी. पूर्ण रक्कम आधीच हवी, असा हट्ट धरणाऱ्याकडे मात्र जाऊ नये.

यूपीआयचा पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव थांबून वाचावे. यूपीआय आयडीचा ‘@’ या चिन्हाआधीचा भाग खातेदार स्वतः निवडू शकतो, त्यामुळे त्यात ‘बीचरिसॉर्ट’ किंवा ‘बुकिंग’ असे लिहिलेले असणे हा कशाचाही पुरावा नाही. खाली दिसणारे नाव मात्र बँकेत नोंदलेले असते. ३० जून २०२५ पासून अ‍ॅपने बँकेतील हेच नाव दाखवावे, असे यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने (एनपीसीआय) बंधनकारक केले आहे. दिवेआगरच्या मालकाने स्वतःचे एक नाव सांगितले आणि पडद्यावर भलत्याच राज्यातील वाटावे असे अनोळखी नाव आले, की ‘तो आमचा अकाउंटंट आहे’ हे उत्तर तयार असते. तेथे पैसे पाठवू नयेत. नावाचा स्क्रीनशॉट मात्र जपून ठेवावा. एनईएफटीने पाठवत असाल, तर तेथेही आता खातेदाराचे नाव आधी पाहण्याची सोय बँकांनी दिली आहे.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. परतावा देण्याच्या नावाखाली कोड पाठवला गेला, तर तो आपल्या खात्यातून पैसे काढण्यासाठीच असतो. व्यक्तीकडून व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागण्याची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली असली, तरी क्यूआर कोडची युक्ती चालूच आहे.

पायरी ७: बुकिंग झाल्यानंतर

पैसे देऊन झाले म्हणजे धोका संपला, असे नाही. हॉटेलांची बुकिंग मंचावरील खाती चोरून, तुमचे खरे नाव आणि खऱ्या तारखा वापरून, ‘कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर बारा तासांत बुकिंग रद्द होईल’ असा संदेश पाठवण्याचा प्रकार जगभर चालतो. संदेश मंचाच्याच चॅटमध्ये आल्यामुळे तो खरा वाटतो. अशा लिंकवर कार्डाची माहिती भरू नये. मंचाच्या अ‍ॅपमध्ये स्वतः जाऊन बुकिंगची स्थिती पाहावी आणि हॉटेलला आपण शोधलेल्या क्रमांकावर फोन करावा. ‘बुकिंग कन्फर्मेशन’ म्हणून आलेल्या फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, तर ती पावती नसून मोबाईलवर चढणारे अ‍ॅप असते आणि ते ओटीपीचे संदेश वाचू शकते. पावती पीडीएफ किंवा चित्राच्या स्वरूपात येते. मदतीच्या नावाने एनीडेस्कसारखे पडदा दाखवणारे अ‍ॅप घ्यायला सांगणाऱ्याचा फोन ठेवून द्यावा.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी एकदा आणि ताम्हिणी घाटाकडे वळण्यापूर्वी पुण्यातून एकदा मालकाशी बोलावे. बारा माणसे आणि सामान घेऊन रात्री नऊला बंद फाटकासमोर उभे राहण्यापेक्षा पुण्यातच गडबड कळलेली बरी. तेथे दुसरी सोय करता येते.

पायरी ८: पोहोचल्यावर

काही वेळा बंगला खरा असतो, पण पोहोचल्यावर ‘मोटर जळाली आहे’ किंवा ‘आधीचे पाहुणे निघाले नाहीत’ असे सांगून दुसऱ्या, हलक्या जागेकडे नेले जाते. आठ तासांचा प्रवास करून थकलेले कुटुंब ते मान्य करील, हाच हिशेब असतो. बाकीचे पैसे हाती असतील, तर आपण बोलू शकतो. सगळे आधीच दिले असतील, तर बोलण्याला वजन राहत नाही. मंचावरून बुकिंग असेल, तर सामान उतरवण्यापूर्वी छायाचित्रे काढून त्याच दिवशी तक्रार करावी. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवणे अपेक्षित असते. डिपॉझिट दिले असेल, तर आत शिरताच फुटलेली टाइल, टीव्ही, बाथरूमचे नळ यांचा एक छोटा व्हिडिओ करून ठेवावा, म्हणजे निघताना नसते नुकसान आपल्या माथी मारले जाणार नाही.

आपल्याच खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी

आषाढीला पंढरपुरात, नवरात्रात तुळजापुरात किंवा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी सोलापुरात खोल्या देणाऱ्यांनाही सावज केले जाते. ‘मी सैन्यात अधिकारी आहे, पाहायला येऊ शकत नाही, अ‍ॅडव्हान्स पाठवतो’ असे म्हणून ओळखपत्राचे छायाचित्र पाठवले जाते. मग ‘आर्मीच्या खात्यातून पैसे येण्यासाठी आधी एक रुपया पाठवून पडताळणी करा’ किंवा ‘हा कोड स्कॅन करा’ असे सांगितले जाते. चुकून जास्त पैसे पाठवल्याचा बनावट एसएमएस दाखवून फरक परत मागणे, हाही याच जातीचा प्रकार. एसएमएसवर विसंबू नये, बँकेच्या अ‍ॅपमधील शिल्लक पाहावी.

फसवणूक झालीच, तर

सर्वप्रथम १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. घरात कोणी काय चूक केली, ही चर्चा नंतर. चोरलेले पैसे काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात हलवले जातात. या हेल्पलाइनमागील यंत्रणा संबंधित बँकांना कळवून, मधल्या कोणत्याही खात्यात शिल्लक सापडली तर ती गोठवते. म्हणून पहिल्या तासाला फार महत्त्व आहे. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्यावर अ‍ॅपमध्ये दिसणारा संदर्भ क्रमांक), रक्कम, वेळ, आपली बँक आणि समोरचा यूपीआय आयडी जवळ असावा. लगेच आपल्या बँकेलाही कळवावे आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवावी. समोरच्याने संदेश पुसण्याआधी गप्पांचे स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा दुवा जपून ठेवावा. त्याला ब्लॉक करण्याची घाई करू नये.

सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण, दोन्ही पोलीस दलांकडे सायबर पोलीस ठाणे आहे. बंगला रायगड जिल्ह्यात दाखवला होता म्हणून तक्रार तेथेच करा, असे कोणी सांगितले तर ऐकण्याचे कारण नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि संगणकाच्या आधारे दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ड लागू होते.

बँकेकडून भरपाईची अपेक्षा बेताचीच ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेली, तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य, ही तरतूद आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपणच पिन टाकून पाठवलेल्या पैशांना बँका ती सहसा लागू करत नाहीत. गोठवलेली रक्कम आपल्या खात्यात परत येण्यासाठी, विशेषतः ती मोठी असेल तर, न्यायालयाचा आदेश लागू शकतो आणि त्याला वेळ जातो. तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येण्याची शक्यता असते. तक्रारदारांच्या अगतिकतेवर जगणारी ही दुसरी टोळी असते. पोलीस तक्रारीसाठी किंवा रक्कम परत देण्यासाठी शुल्क घेत नाहीत.

बंगला खरा होता, मालकही खरा होता, पण कबूल केलेली सेवा मिळाली नाही किंवा ठरल्याप्रमाणे परतावा नाकारला, तर ती सायबर गुन्ह्याऐवजी ग्राहक तक्रार ठरते. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करावी. तेथे निकाल लागला नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे बंगला कोकणात असला तरी प्रकरण सोलापुरात चालू शकते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.